दहा अक्षरांच्या आत: आयबीएम आयवरच्या फाइलनावांच्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

काम आजपासून आमच्याकडे. क्लायंट अमेरिकेच्या मिडवेस्टमधला घाऊक वितरक: पाइप, व्हॉल्व्ह, नळजोडणीचं सामान. ऑर्डर, साठा, बिलं, वसुली, सगळं एकाच आयबीएम आय मशीनवर (आयबीएमची व्यवसायांसाठीची संगणक प्रणाली). मूळ प्रोग्राम सिस्टीम/३८ या तिच्या पूर्वजावर लिहिलेले. १९८८ मध्ये एएस/४०० आलं तेव्हा ते उचलून त्यावर ठेवले, आणि अजून चालतायत. मधल्या काळात मशीनचं नाव आयसीरीज झालं, सिस्टीम आय झालं, २००८ पासून आयबीएम आय म्हणतात, जरी ते खरं तर ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आहे. क्लायंटच्या गोदामातली माणसं अजून एएस फोर हंड्रेडच म्हणतात. आम्हीही.

मागणी दोन गोष्टींची. उधारी-मर्यादेचं नवं मॉड्यूल, त्याची टेबलं नवीन करायची. आणि रिपोर्टिंगवाल्या टीमला जुन्या फाइल (इथे टेबलालाच फाइल म्हणतात आणि कॉलमला फील्ड) वाचून समजतील अशा नावांनी हव्यात. ‘सीएमसीआरएलएम म्हणजे काय, हे दर वेळी कुणाला तरी विचारावं लागतं’ ही त्यांची तक्रार, आणि ती रास्त आहे. म्हणून आधी नावांचे नियम, मग टेबलं, असं ठरलं.

क्लायंटकडून स्टँडर्ड्सचा जुना दस्तऐवज आला. नियम भरपूर, कारण एकाचंही दिलेलं नाही. फाइलच्या नावाला आठ अक्षरं. फील्डला सहा, त्यातली पहिली दोन फाइलची. लॉजिकल फाइलच्या (दुसऱ्या फाइलमधला डेटा वेगळ्या क्रमाने किंवा निवडून दाखवणारी) शेवटी एल आणि आकडा. डिस्प्ले फाइलला (पडद्याची मांडणी) डी. नावाची सुरुवात क्यूने करायची नाही. यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कारणं कळल्याशिवाय ठरवता येणार नाही, तेव्हा पहिले काही दिवस त्यातच जाणार.

(नावं या नोंदींत आम्ही फोनवर उच्चारतो तशी लिहितोय. अक्षरं मोजायची असतील तिथे रोमन अक्षरं धरावीत.)

संध्याकाळी प्रोडक्शन लायब्ररीतल्या (लायब्ररी म्हणजे इथला फोल्डर, प्रोडक्शन म्हणजे रोजचा खरा कारभार) फाइलींची यादी काढली, शेवटच्या वापराच्या तारखेसकट. कस्टमास्ट (कस्टमर मास्टर, ग्राहकांची मुख्य फाइल) आहे. कस्टमास्टएन आहे. कस्टमास्टएक्स आहे. कस्टमास्टपुढे कुणाची तरी आद्याक्षरं जोडलेली एक आहे, ती बरीच वर्षं कुणी उघडलेली नाही. ‘एन’ मात्र रोज वापरात! नवी म्हणून एन लावला असणार, जुनी काढायची राहिली, आणि आता निम्मे प्रोग्राम एकीवर नि निम्मे दुसरीवर. हे आपल्या कामात येत नाही, पण नोंदवून ठेवतोय, कारण पुढे कुणीतरी ‘ग्राहकांची फाइल कुठली?’ असं विचारणारच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लांबीची कारणं सरळ आहेत. मशीन स्वतः ऑब्जेक्टच्या (फाइल, प्रोग्राम वगैरे कशाच्याही) नावाला दहा अक्षरं देतं. पण सिस्टीम/३८ बरोबर आलेल्या आरपीजी ३ या प्रोग्रामिंग भाषेत फाइलच्या नावाला आठच अक्षरांची जागा होती आणि फील्डला सहा. कॉलम ठरलेले, पंचकार्डावर असायचे तसे. त्यापलीकडे लिहायला जागाच नाही. म्हणून कस्टमास्ट बरोबर आठ अक्षरांचं. १९९४ मध्ये आरपीजी ४ आली आणि ही अडचण गेली. दस्तऐवज मात्र तसाच राहिला, आणि नंतर केलेल्या बहुतेक फाइलींनाही आठ अक्षरांतच कोंबलं गेलं.

दोन अक्षरांच्या प्रीफिक्सचं कारण जास्त खोल आहे. टीममधल्या फ्रेशरने विचारलं, ‘‘सर, स्टेटसला स्टेटस का नाही म्हटलं? सहा अक्षरांत बसतं की ते.’’ बसतं खरं. तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून डेव्हलपमेंट लायब्ररीत दोन छोट्या फाइल केल्या, ऑर्डर हेडर आणि ऑर्डर लाइन. दोन्हींत स्टेटस नावाचा एक अक्षरी फील्ड. हेडरमध्ये ‘ए’, म्हणजे ऑर्डर चालू. खाली तीन लाइनी, सगळ्यात शेवटची ‘सी’, म्हणजे माल गेलेला.

प्रोग्राम चार ओळींचा. हेडर वाचा. लाइनी एकेक करून वाचा, रकमेची बेरीज करा. बेरीज हेडरमध्ये टाका. हेडर अपडेट करा. स्टेटसला प्रोग्रामने हातही लावलेला नाही.

चालवला आणि हेडर उघडून पाहिला. बेरीज बरोबर. स्टेटस ‘सी’. चालू ऑर्डर बंद झाली.

होतं असं, की आरपीजीत फाइल जाहीर केली की तिचा प्रत्येक फील्ड त्या प्रोग्रामचा ग्लोबल व्हेरिएबल होतो. दोन फाइलींत एकाच नावाचा, एकाच आकाराचा फील्ड असेल तर दोघांना मिळून जागा एकच. कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हे कायदेशीर आहे. कित्येकांनी ही सोय म्हणूनही वापरली आहे. लाइन वाचली की तिचा स्टेटस त्या जागेत येऊन बसतो. मग हेडर अपडेट केला की रेकॉर्डमधले सगळे फील्ड लिहिले जातात, आणि त्या जागेत जे असेल ते हेडरमध्ये जातं. आकार वेगळे असते तर निदान कंपाइल तरी अडलं असतं.

जुन्या आरपीजीत आय-स्पेक (इनपुटचं वर्णन करणारी ओळ) लिहून फील्डचं नाव त्या प्रोग्रामपुरतं बदलता यायचं, पण ते प्रत्येक प्रोग्राममध्ये, हाताने. त्यापेक्षा फाइलमध्येच ओएचस्टॅट आणि ओडीस्टॅट अशी वेगळी नावं ठेवणं शहाणपणाचं. सहातली दोन अक्षरं गेली, उरलेल्या चारांत सगळा धंदा बसवला. सीएमसीआरएलएम असंच जन्मलं: कस्टमर मास्टर, क्रेडिट लिमिट.

फ्रेशर म्हणाली, ‘‘म्हणजे प्रीफिक्स हवाच.’’ तेव्हा हवाच होता. आता हवा का, हा वेगळा प्रश्न. आरपीजी ४ मध्ये क्वालिफाइड डेटा स्ट्रक्चर आहे, हेडर.स्टेटस आणि लाइन.स्टेटस असं सरळ लिहिता येतं, दोघांची जागा वेगळी राहते. यावर टीममध्ये वाद होणार हे आत्ताच दिसतंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सफिक्सचा दिवस. दस्तऐवजात प्रत्येक गोष्टीला शेपूट आहे: आरपीजी प्रोग्रामला आर, सीएलला (मशीनच्या कमांडच्या भाषेतला प्रोग्राम) सी, डिस्प्ले फाइलला डी, प्रिंटर फाइलला पी, लॉजिकलला एल०१, एल०२. आमच्यातल्या काहींना हे सगळंच निरर्थक वाटतं, कारण ऑब्जेक्टचा प्रकार मशीनला माहीत असतोच. नावात पुन्हा कशाला?

निम्मं खरं आहे. इथे ऑब्जेक्ट ओळखला जातो तो लायब्ररी, नाव आणि प्रकार या तिघांनी मिळून. एकाच लायब्ररीत एकाच नावाचा प्रोग्राम आणि फाइल सुखाने नांदतात. मॉड्यूल, प्रोग्राम आणि सर्व्हिस प्रोग्राम यांचंही एकच नाव चालतं. पण फिजिकल फाइल (प्रत्यक्ष डेटा असलेली), लॉजिकल फाइल, डिस्प्ले फाइल, प्रिंटर फाइल, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं टेबल, व्ह्यू, इंडेक्स: मशीनच्या लेखी हे सगळे ‘फाइल’ या एकाच प्रकारात मोडतात. तसंच आरपीजीचा प्रोग्राम, सीएलचा, कोबॉलचा, सगळे ‘प्रोग्राम’. चाळीत दोन कुलकर्णी असले की वरचे कुलकर्णी आणि खालचे कुलकर्णी म्हणावंच लागतं; एकच असतील तर कुणी म्हणत नाही. ऑर्डर एंट्रीचा आरपीजी प्रोग्राम आणि त्याला हाक मारणारा सीएल यांची नावं एक ठेवताच येत नाहीत, म्हणून आर आणि सी. डिस्प्ले फाइलला डी नसता तर ती फिजिकल फाइलशी भिडली असती.

म्हणजे नियम असा लिहायचा: प्रकार जिथे एक होतात तिथेच शेपूट. सर्व्हिस प्रोग्रामच्या नावात एसपी घालायची गरज नाही. हे पटकन मान्य झालं.

दुसरं, नावात टेस्ट, प्रॉड, डेव्ह असलं काही नको. ते काम लायब्ररीचं आहे. कस्टमास्ट टेस्ट लायब्ररीतही कस्टमास्टच राहिली पाहिजे, तरच लायब्ररी लिस्ट (कुठल्या लायब्ररीत आधी शोधायचं त्याचा क्रम) बदलून तोच प्रोग्राम दोन्हीकडे चालतो. प्रोडक्शनमध्ये टेस्टने सुरू होणारी एक फाइल सापडली आहे, बिलांचे करदर तिच्यातून येतात. कुणीही हात लावायचा नाही असं क्लायंटने लेखी कळवलंय.

क्यूने सुरुवात नको, हा नियम तसाच ठेवला. ती नावं आयबीएमची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी साडेसातचा कॉल, म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे आठ. क्लायंटकडचे जुने आरपीजी प्रोग्रामर पहिल्यांदाच आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथेच आहेत, निवृत्तीला आलेत. बोलणं कमी, पण विचारलं की सगळं सांगतात.

प्रीफिक्सची एक वही होती, असं त्यांनी सांगितलं. खरीखुरी, कागदाची. नवी फाइल करायची तर वहीत जाऊन मोकळी जोडी शोधायची आणि आपलं नाव लिहायचं. नुसती अक्षरं घेतली तर २६ गुणिले २६ म्हणजे ६७६ जोड्या. एवढ्या फाइल कधी झाल्याच नाहीत, पण अर्थ लागेल अशा जोड्या लवकर संपल्या. ‘ओएच’ ऑर्डर हेडरला गेला. मग ऑर्डर हिस्टरी आली, तिला ‘ओआय’ मिळाला, केवळ ‘ओएच’च्या पुढचा मोकळा होता म्हणून! वही एका ऑफिस बदलाच्या वेळी हरवली, आणि त्यानंतर दोन फाइलींना एकच प्रीफिक्स मिळाला. त्या दोन फाइल एका प्रोग्राममध्ये एकत्र वापरायच्या नाहीत, ही गोष्ट आजवर तोंडी चालत आली होती. आज पहिल्यांदा कागदावर आली.

आमच्यातल्या एकाने आधी जेडी एडवर्ड्स या कंपनीच्या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, त्याने तिथली पद्धत सांगितली. तिथे टेबलाच्या नावात अर्थ भरायचा नादच केला नाही. एफ०१०१ म्हणजे ॲड्रेस बुक, एफ४२११ म्हणजे विक्रीच्या ऑर्डरींच्या लाइनी. एफ नंतरचे दोन अंक मॉड्यूलचे, ०१ ॲड्रेस बुक, ०९ हिशेब, ४२ विक्री. फील्डला दोन अक्षरी प्रीफिक्स आणि त्यापुढे डेटा डिक्शनरीतलं ठरलेलं नाव. पत्ता क्रमांक एएन८, मग तो एफ०१०१ मध्ये एबीएएन८ आणि एफ४२११ मध्ये एसडीएएन८. शेवटची अक्षरं पाहिली की कळतं, दोन्ही एकच गोष्ट आहे. जेडी एडवर्ड्स २००३ मध्ये पीपलसॉफ्टने घेतली, पीपलसॉफ्ट २००५ मध्ये ओरॅकलने. तरी एफ०१०१ हे एफ०१०१ च आहे, अगदी ओरॅकलच्या डेटाबेसवरसुद्धा. पाठ करायला त्रास होतो, पण एकदा झालं की कुठल्याही गिऱ्हाइकाकडे चालतं.

आमच्या क्लायंटच्या फायलींत तशी शिस्त नाही. ग्राहक क्रमांक एका फाइलीत सीएमकस्ट, दुसरीत ओएचसीयूएस, तिसरीत आयव्हीसीएनओ. प्रीफिक्स पाळला, पुढची चार अक्षरं ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवजयंतीची सुट्टी.

आज क्लायंटच्या आयटी प्रमुखांचा मेल: एवढे खणताच आहात तर फाइलींची नावंच बदलून का टाकत नाही? प्रश्न अपेक्षित होता. उत्तर द्यायला पुरावा हवा म्हणून कस्टमास्टचे सगळे उपयोग शोधले.

डिस्प्ले प्रोग्राम रेफरन्स कमांडने कुठला प्रोग्राम कुठली फाइल वापरतो ते आउटफाइलमध्ये काढता येतं. डेटाबेस रिलेशन्सने लॉजिकल फाइली कळतात. इथवर ठीक. पुढे गोदामाचा एक सीएल निघाला. त्यात साठ्याच्या फाइलचं नाव कुठे लिहिलेलंच नाही. ‘इन्व्हडब्ल्यू’ ही अक्षरं घेतो, त्यापुढे गोदामाचा दोन अक्षरी कोड जोडतो, तयार झालेल्या नावावर ओव्हरराइड टाकतो (चालताना एका फाइलच्या जागी दुसरी उघडायला सांगतो) आणि आरपीजी प्रोग्रामला हाक मारतो. आरपीजीला वाटतं आपण इन्व्हमास्ट वाचतोय. वाचतो तो ज्या त्या गोदामाची वेगळी फाइल. नाव प्रोग्राम चालताना बनतं, त्यामुळे रेफरन्सच्या यादीत त्या फाइली येतच नाहीत. नाव बदललं असतं तर कंपाइलला काही कळलं नसतं आणि रात्रीच्या बॅचला सगळं कळलं असतं.

शिवाय वित्त विभागाच्या क्वेरी, आणि कुणाकुणाच्या लॅपटॉपवरच्या एक्सेल शीट ज्या थेट ओडीबीसीने (बाहेरून डेटाबेस वाचायची जोडणी) कस्टमास्ट वाचतात. त्यांची यादी कुणाकडेच नाही.

म्हणून निर्णय: जुन्या फाइलींची आणि फील्डची मूळ नावं गोठवायची. एकही बदलायचं नाही, अगदी चुकीचं असलं तरी. वाचण्यासारखी नावं त्यांच्या वरच्या थरात द्यायची. मेलला हेच उत्तर दिलं, गोदामाच्या सीएलच्या त्या ओळी जोडून. परत प्रश्न आला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

छोटी पण मजेशीर गोष्ट. नावात अक्षरं आणि आकड्यांखेरीज डॉलर, हॅश आणि ॲट ही तीन चिन्हं चालतात, पहिल्या जागीसुद्धा. इथल्या जुन्या मंडळींनी युटिलिटी प्रोग्रामना डॉलर लावलाय, म्हणजे यादीत सगळे एकत्र वर येतात.

क्लायंटची इंग्लंडमधली शाखा याच मशीनवर काम करते. तिथल्या एकीने तक्रार केली होती की मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रोग्राम सापडत नाही. अमेरिकेच्या ईबीसीडिक कोडपेजमध्ये (कुठल्या बाइटला कुठलं चिन्ह याचा तक्ता) डॉलर म्हणजे हेक्स ५बी. ब्रिटिश कोडपेजमध्ये त्याच ५बी वर पौंडाचं चिन्ह आहे आणि डॉलर ४ए वर. ऑब्जेक्टच्या नावात बाइट साठवलेले असतात. तिच्या पडद्यावर प्रोग्रामच्या नावाआधी पौंड दिसतो. पौंड टाइप केला तर चालतो, मॅन्युअलप्रमाणे डॉलर टाइप केला तर नाही. जर्मन कोडपेजवर ॲटच्या जागी कलमाचं चिन्ह येतं, आणि डेन्मार्क-नॉर्वेच्या कोडपेजवर तर तिन्ही चिन्हांच्या जागी त्यांच्या भाषेची अक्षरं. नव्या नावांत तिन्ही बंद. यावर चर्चासुद्धा झाली नाही.

३ मार्च, सोमवार

उधारी-मर्यादेची टेबलं टीमने एसक्यूएलमध्ये केली. लांब नावं, १२८ अक्षरांपर्यंत मुभा: कस्टमर_क्रेडिट_लिमिट आणि कस्टमर_क्रेडिट_हिस्टरी. वाचायला छान. डेव्हलपमेंटमध्ये सगळं चाललं. क्यूएमध्ये (चाचणीच्या ठिकाणी) पहिलाच प्रोग्राम फाइल उघडताना पडला, जॉब लॉगमध्ये सीपीएफ४१३१, लेव्हल चेक: फाइलचा आराखडा कंपाइलच्या वेळचाच आहे ना, ही तपासणी.

तिथल्या एकाने सुचवलं, ओव्हरराइडमध्ये लेव्हल चेक बंद करा, पुढे जाऊ. नशीब, आधी बघितलं.

टेबलाचं नाव दहा अक्षरांपेक्षा लांब असलं आणि लहान नाव आपण दिलं नाही, तर मशीन स्वतः देतं: पहिली पाच अक्षरं आणि पाच आकडी क्रमांक. डेव्हलपमेंटमध्ये लिमिटचं टेबल आधी केलं होतं, ते झालं कस्टो००००१, हिस्टरीचं कस्टो००००२. क्यूएमध्ये स्क्रिप्ट फाइलनावांच्या वर्णक्रमाने चालल्या. एच आधी, एल नंतर. तिथे कस्टो००००१ म्हणजे हिस्टरी. निव्वळ एसक्यूएल वापरणाऱ्या प्रोग्रामांना फरक पडला नाही, ते लांब नावाने जातात. पण आरपीजीने फाइल थेट जाहीर केली की ती लहान नावानेच उघडते. प्रोग्राम लिमिटच्या आराखड्यावर कंपाइल झालेला, समोर आली हिस्टरी. रेकॉर्ड फॉरमॅटचा (रेकॉर्डचा आराखडा) लेव्हल आयडेंटिफायर जुळला नाही म्हणून मशीनने दार बंद केलं. लेव्हल चेक काढला असता तर हिस्टरीचे बाइट मर्यादेची रक्कम म्हणून वाचले गेले असते.

कॉलमचंही तेच. क्रेडिट_लिमिट_अमाउंट झाला क्रेडि००००१, त्याशेजारचा क्रेडि००००२. मध्ये एखादा कॉलम घालून टेबल पुन्हा केलं की आकडे सरकणार.

आजचा नियम, आणि हा एकच मी ठळक अक्षरांत लिहिणार आहे: लांब नाव दिलं की लहान नावही आपणच द्यायचं. टेबलाला फॉर सिस्टीम नेम, ही सोय आयबीएम आय ७.१ पासून आहे. कॉलमला फॉर कॉलम. दोन्ही टेबलं पाडून पुन्हा केली: लिमिटचं लहान नाव सीआरलिमिट, हिस्टरीचं सीआरहिस्ट. रिव्ह्यूमध्ये तपासायला एक सोपी क्वेरीही लिहिली, सिस्टेबल्स कॅटलॉगमधून (मशीनने ठेवलेली टेबलांची यादी) पाच आकड्यांनी संपणारी सिस्टीम नावं काढणारी. क्लायंटच्या मशीनवर आमच्याआधीची बरीच निघाली.

६ मार्च, गुरुवार

एसक्यूएलचं टेबल केलं की रेकॉर्ड फॉरमॅटला टेबलाचंच नाव मिळतं, आणि आरपीजीला फाइल आणि फॉरमॅट यांचं एकच नाव चालत नाही. प्रत्येक प्रोग्राममध्ये रिनेम लिहिण्यापेक्षा टेबल करतानाच आरसीडीएफएमटी (फॉरमॅटचं वेगळं नाव) देऊन टाकायचं: सीआरलिमिटआर. झालं.

११ मार्च, मंगळवार

रविवारी अमेरिकेत घड्याळं पुढे गेली, कॉल आता साडेसहाला. इथे ट्रॅफिकच्या ऐन वेळेत, पण रात्रीचं जेवण वेळेवर होतं.

अपेक्षित वाद आज झाला. तरुण मंडळींचं म्हणणं, क्वालिफाइड डेटा स्ट्रक्चर असताना नव्या टेबलांत प्रीफिक्स म्हणजे जुनं ओझं. ग्राहक क्रमांक सगळीकडे कस्टमर_नंबर असला की जॉइन (टेबलं जोडणारी क्वेरी) वाचताना डोळ्यांना त्रास नाही. क्लायंटचे जुने प्रोग्रामर शांतपणे म्हणाले, ‘‘सगळ्या सोर्समध्ये स्टेटस शोधून बघा.’’ शोधलं. पानंच्या पानं. मग ओएचस्टॅट शोधलं: जेवढ्या ठिकाणी ऑर्डर हेडरचा स्टेटस वापरलाय तेवढीच ठिकाणं, एकही जास्त नाही. ज्याला रात्री दोन वाजता एखाद्या फील्डला कोण हात लावतं ते शोधायचंय, त्याला या प्रीफिक्सइतका भरवशाचा दुसरा धागा नाही. हा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. प्रीफिक्सचं मूळ कारण संपलं होतं, पण मधल्या तीस वर्षांत त्याला दुसरं काम लागलं होतं.

दोन नावं देता येतात तर दोघांचंही ऐकायचं. लांब नाव प्रीफिक्सशिवाय, सगळ्या टेबलांत एका गोष्टीला एकच: कस्टमर_नंबर, क्रेडिट_लिमिट_अमाउंट. लहान नाव प्रीफिक्ससकट, दहा अक्षरांच्या आत: सीएलकस्ट, सीएललिमएएमटी. आरपीजीत फाइल जाहीर करताना एलिअस लिहिलं की प्रोग्रामला लांब नावं मिळतात, नाही लिहिलं की लहान. नवा प्रोग्राम असेल तर एलिअस, जुन्यात भर घालायची तर लहान नावं. प्रीफिक्सची वही आता टेबल आहे, प्रीफिक्सवर युनिक की. त्यात दोनदा तीच जोडी शिरणार नाही.

१८ मार्च, मंगळवार

रिपोर्टिंगचा थर. जुन्या प्रत्येक फाइलवर एक व्ह्यू (त्याच डेटाकडे वेगळ्या नावांनी पाहायची खिडकी), लांब नावांचा. कस्टमास्टवर कस्टमर_मास्टर, त्यात सीएमसीआरएलएमचं क्रेडिट_लिमिट_अमाउंट. ओएचसीयूएस, आयव्हीसीएनओ, सीएमकस्ट या तिघांचं व्ह्यूमध्ये एकच नाव, कस्टमर_नंबर. खालची फाइल जशी होती तशी, एकाही प्रोग्रामला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही.

व्ह्यू वेगळ्या लायब्ररीत ठेवले. व्ह्यू मशीनच्या लेखी फाइलच असल्यामुळे, वेगळी लायब्ररी असली तरी त्याचं लहान नाव जुन्या फाइलसारखं ठेवायचं नाही. उद्या कुणी ती लायब्ररी लिस्टमध्ये वर आणली तर आरपीजी प्रोग्राम कस्टमास्टऐवजी व्ह्यू उघडायला जाईल. म्हणून सगळ्या व्ह्यूंना लहान नावात व्ही.

खरा वेळ खाल्ला तो अर्थ शोधण्याने. मशीन प्रत्येक ऑब्जेक्टला ५० अक्षरांचा टेक्स्ट देतं, फील्डलाही देतं. नाव दहा अक्षरांचं असलं तरी अर्थ लिहायला ही जागा सुरुवातीपासून होती. निम्म्या फाइलींना टेक्स्टच नाही, काहींना ‘फाइल’ एवढाच आहे. सीएमएफएल३ या फील्डमध्ये वाय, एन, रिकामी जागा आणि काही ठिकाणी ७ सापडला. त्याचा अर्थ जुन्या प्रोग्रामरनाही आठवेना. व्ह्यूमध्ये त्याला नाव दिलं नाही, वगळला. अर्थ माहीत नसलेल्या फील्डला अंदाजाने सुंदर नाव देणं हे सीएमएफएल३ पेक्षा वाईट.

२१ मार्च, शुक्रवार

सोर्स (प्रोग्रामचा मजकूर) गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) न्यायचाय. इथवर सोर्स मेंबरचं (एका प्रोग्रामच्या मजकुराचं) नाव दहा अक्षरांचं आणि त्याचा प्रकार मेंबरच्या शेजारी वेगळा नोंदलेला. आयएफएसमध्ये (मशीनवरची नेहमीच्या फोल्डरांसारखी फाइल सिस्टीम) स्ट्रीम फाइल (साधी फाइल) झाली की ती जागा गेली, प्रकार नावाच्या शेवटी एक्स्टेन्शनमध्ये घालावा लागतो. बॉब या बिल्ड टूलची पद्धत घेतली: आधी ऑब्जेक्टचं नाव, मग आडवी रेघ देऊन टेक्स्ट, मग ऑब्जेक्टचा प्रकार आणि शेवटी सोर्सचा. त्यामुळे टेक्स्ट फाइलच्या नावातच दिसतो आणि रिकामा ठेवायला लाज वाटते.

लहान-मोठ्या अक्षरांचा एक खड्डा आहे. आयएफएसच्या रूटमध्ये लहान-मोठी अक्षरं एकच धरली जातात, क्यूओपनसिस या तिच्याच दुसऱ्या भागात वेगळी. विंडोज लॅपटॉपवर एक, बिल्डच्या लिनक्सवर वेगळी. ऑब्जेक्टचं नाव आणि प्रकार सगळीकडे लहान अक्षरांत, असा नियम केला.

२४ मार्च, सोमवार

उधारी-मर्यादेचं मॉड्यूल शनिवारी रात्री प्रोडक्शनला गेलं. सीआरलिमिट, सीआरहिस्ट, तीन प्रोग्राम, एक डिस्प्ले फाइल. कॅटलॉगची क्वेरी चालवली, आमच्या लायब्ररीत पाच आकडी शेपटाचं एकही नाव नाही. रिपोर्टिंगवाल्यांना व्ह्यूंची यादी दिली. त्यांनी लगेच सीएमएफएल३ कुठे गेला म्हणून विचारलं.

नियमांचा दस्तऐवज क्लायंटला पाठवला. प्रत्येक नियमाखाली कारण लिहिलंय, आणि कुठल्या परिस्थितीत तो मोडायला हरकत नाही तेही. जुने प्रोग्रामर प्रीफिक्सवरच्या परिच्छेदात एक दुरुस्ती करून पाठवणार आहेत.

बाकी: कस्टमास्ट आणि कस्टमास्टएन यांच्यात कुठली रेकॉर्ड वेगळी आहेत त्याची तुलना, यासाठी क्लायंटकडून वेगळं काम मंजूर व्हायचंय. गोदामाच्या सीएलला नवीन तीन अक्षरी गोदाम कोड चालेल का, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तपासायचं; नाव दहात बसतं, पण कोडसाठी राखलेला व्हेरिएबल दोनच अक्षरांचा आहे.